मावशीचे बटण कोणी दाबले?

२०१९ चा मार्च महिना होता. लोकसभेची निवडणूक नुकतीच जाहीर झाली होती. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्यांवर बसलो असता आमच्या गल्लीतील एक अंध मावशी भिंत चाचपत आमच्याजवळ आल्या. कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडून या माउलीने चार लेकरे वाढविली. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. आम्ही नेहमीच्या सवयीने म्हणालो, "मावशी, काळजी करू नका. मागच्यासारखं आपण संगंच जाऊ मतदानाले."

मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी माझं बटन कोनं दाबलं, बाबू?"

"म्याच तं दाबलं, मावशी."

"कोनतं दाबलं?"

"आपलंच."

"आपलं म्हंजे कोनाचं? तू मले इचारलं होतं काय?"

आम्ही विचारले नव्हते. २०१४ साली लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळी आम्ही मावशींचा हात धरून मतदान केंद्रात गेलो, सोबत्याने द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो आणि आम्हाला जे योग्य वाटले ते बटण दाबून बाहेर आलो. वस्ती आपली, मावशी आपल्या, मग मतही आपलेच, असा आमचा हिशेब. कोणाला फसविल्याची भावना मनात नव्हती. उलट एका अंध उपासिकेचे मत वाया जाऊ दिले नाही याचे समाधान होते. संध्याकाळी कार्यकर्त्यांत बसून ते सांगितलेही होते.

आम्ही पेशाने कारकून. दिवसभर लोकांच्या अर्जावरचा बारीक मजकूर वाचणे हेच आमचे पोट. पण त्या दिवशी सही केलेला कागद आम्ही वाचला नव्हता. तो नंतर मिळवून वाचला. निवडणूक नियम १९६१ मधील ४९-एन हा नियम असे सांगतो की, अंधत्वामुळे किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे ज्या मतदाराला चिन्ह ओळखता येत नाही वा बटण दाबता येत नाही, त्याला किमान १८ वर्षे वयाचा सोबती आत नेता येतो. सोबत्याने मत नोंदवायचे ते मतदाराच्या इच्छेप्रमाणे. ते मत कोणाला दिले हे गुप्त ठेवायचे. आणि त्या दिवशी आपण दुसऱ्या कोणत्याही मतदाराचे सोबती झालेलो नाही, असेही लिहून द्यायचे. म्हणजे एका माणसाने ऑटोत चार-पाच अंध, म्हातारी माणसे भरून न्यायची आणि सर्वांची बटणे स्वतःच दाबायची, हे कायद्याला मान्य नाही. आमच्या वस्त्यांत हे किती वेळा झाले असेल ते वाचकांनी आपापल्या मनाला विचारावे.

बंधू-भगिनींनो, मताचा हा अधिकार आपल्याला कोणी खिरापत म्हणून वाटलेला नाही. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्या काळी मत कोणाला? ज्याच्याकडे जमीन, जो कर भरतो, त्याला. आपल्या आजा-पणज्याकडे जमीन नव्हती, म्हणून मतही नव्हते. सायमन कमिशनच्या वेळी मुंबई प्रांताच्या समितीत बाबासाहेब सदस्य होते. समितीच्या अहवालाशी ते सहमत झाले नाहीत. १७ मे १९२९ रोजी त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात प्रौढ स्त्री-पुरुष सर्वांना मताचा हक्क मागितला. निरक्षर माणसाला अक्कल नसते, हा युक्तिवाद त्यांनी तेथेच मोडून काढला. पुढे घटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार आला. वयाची अट त्या वेळी २१ वर्षे होती, १९८९ पासून ती १८ झाली. त्या कलमात घर किती खोल्यांचे, शाळा किती शिकली, हे विचारलेले नाही. डोळ्यांनी दिसले पाहिजे किंवा पायांनी चालता आले पाहिजे, असेही लिहिलेले नाही.

अट कागदावर नाही, पण शाळेच्या पायरीवर मात्र ती अजून उभी आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के. आकड्यातला हा फरक वरवर बारीक दिसतो. कळमन्यात राहणाऱ्याला त्याचे नवल वाटणार नाही. येथे बाजारात पाठीवर पोती वाहून माणसाचा कणा चाळिशीतच वाकतो. पॉवरप्रेसवर बोटे जातात. डोळ्यात मोतीबिंदू पिकला तरी मजुरी बुडेल म्हणून दवाखाना पुढे ढकलला जातो. अपंगाचे दिव्यांग झाले हे चांगलेच झाले, नाव देणाऱ्याचा हेतूही चांगला असेल. पण नुसत्या नावाने पायरीची उंची एक इंचही कमी होत नाही.

ती पायरी कमी करण्यासाठी कोणीतरी भांडावे लागले. स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणारे जावेद आबिदी यांच्या डिसेबल्ड राइट्स ग्रुपने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. २००४ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने मतदान केंद्रांना लाकडी उतार लावण्याचे आदेश दिले. २००७ साली याच प्रकरणात अंतिम आदेश झाला. मतदान यंत्रावर ब्रेल लिपीतील अंक आले तेही याच काळात. आबिदी २०१८ साली वारले. आपल्या समाजात त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. ते ठाऊक असायला हवे, कारण हक्क मागून नव्हे, झगडून मिळतो हे आपण दुसऱ्यांना सांगतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला आणि त्याच्या ११ व्या कलमाने मतदान केंद्रे व निवडणुकीची सर्व माहिती दिव्यांगांना सुलभ करून देणे हे निवडणूक आयोगांचे कर्तव्य ठरविले. केंद्राच्या आयोगाचे आणि राज्याच्याही आयोगाचे. लोकसभा-विधानसभा केंद्राचा आयोग घेतो, महापालिका-जिल्हा परिषदा राज्याचा आयोग, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा अर्ज चुकीच्या दारी जातो.

कायदा झाला. आता उतार पाहू.

१९ एप्रिल २०२४ रोजी नागपूरला लोकसभेचे मतदान होते. ऊन मी म्हणत होते. आमच्या भागातील एक हमाल, वय पन्नाशीच्या आत, पोत्याखाली सापडून कंबरेखालचे अंग गेलेले. घरून मतदान करण्याची सोय त्यांना मिळू शकत होती. तसे आम्ही त्यांना आधीच सांगितले होते. त्यांचे उत्तर असे, "भाऊ, बारा महिने घरीच तं हाओ. मत बी घरीच देऊ? सगळे जातेत तिथं मले बी जाऊ द्या." शेवटी त्यांच्या जुन्या सोबत्यांनी हातठेला आणला, त्यावर गादी टाकली आणि वाजतगाजत नाही, पण हसतखेळत त्यांना केंद्रावर नेले. केंद्र एका शाळेत. चाकाची खुर्ची होती. उतारही होता. पण फूटभर उंच ओट्याला जेमतेम चार फूट लांबीची फळी लावलेली. उताराचे ठरलेले माप एकास बारा, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांबी. हे माप आम्ही तेथील माणसाला सांगितले. तो म्हणाला, "साहेब, उतार लावा म्हटलं, लावला." खुर्ची त्या फळीवर चढेना. मग तीन हमालांनी खुर्चीसकट उचलून त्यांना आत नेले. आयुष्यभर दुसऱ्याचा बोजा उचललेल्या माणसाला स्वतः बोजा व्हावे लागले. हे आमचे शब्द. ते स्वतः बाहेर येऊन म्हणाले, "चार फुटाची फळी लावणाऱ्याले एक दिवस या खुर्चीत बसवा," आणि ठेल्यावर पाणी मागितले.

निवडणूक आली की नागपूरच्या ज्योती आमगे यांचा शाई लावलेले बोट दाखविणारा फोटो वर्तमानपत्रांत छापून येतो. ६२.८ सेंटिमीटर उंचीची ही मुलगी जगातील सर्वांत लहान चणीची स्त्री म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली आहे. त्या मतदानाला जातात याचे कौतुक आहेच. मात्र फोटोखालच्या मजकुरात त्यांची उंची दरवेळी असते, मतदान यंत्र ठेवलेल्या टेबलाची उंची आम्ही कधी वाचली नाही.

आता घरून मतदानाबद्दल, कारण त्याविषयी वस्तीत फार गैरसमज आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम बदलून ही सोय झाली. वृद्धांसाठी वयाची अट तेव्हा ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ केली गेली. दिव्यांगाला वयाची अट नाही, परंतु किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. नमुना १२-डी भरून द्यावा लागतो आणि निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत. आमच्याकडे बहुतेकांची गाडी येथेच चुकते. मतदानाच्या तारखेकडे सर्वांचे लक्ष असते, अधिसूचनेच्या तारखेकडे कोणाचेच नसते. अर्ज मंजूर झाला की कर्मचारी मतपत्रिका घेऊन घरी येतात, सोबत चित्रीकरण करणारा असतो, पोलीस असतो. उमेदवारांना आधी कळविलेले असते. आणि एकदा घरून मतदानाच्या यादीत नाव गेले की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

सोय चांगली आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत सून, मुलगा, नातवंडे, शेजारीण सगळे दाटीने उभे असताना म्हातारीने कोणत्या नावापुढे खूण केली हे गुप्त कसे राहणार? कर्मचारी सर्वांना बाहेर व्हायला सांगतात. घरची माणसे म्हणतात, "आमच्यापासून काय लपवायचं?" लपवायचे असते. घरच्यांपासूनच जास्त लपवायचे असते.

महापालिकेची गोष्ट तर आणखी वेगळी. २०१७ च्या निवडणुकीत नागपुरात एक प्रभाग सोडून बाकी सर्व प्रभाग चार-चार सदस्यांचे होते. म्हणजे एका मतदाराने चार बटणे दाबायची, आणि कोणती मतपत्रिका कोणत्या जागेची हे कळावे म्हणून त्यांचे रंग वेगवेगळे. रंगांची ही युक्ती डोळसांसाठी सोयीची. अंध माणसाने रंग कसा चाचपायचा?

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती वाचून आम्हाला बरे वाटले. शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लावतात हे सर्वांना ठाऊक आहे. ती तर्जनी नसेल तर? डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला. डाव्या हाताला बोटेच नसतील तर उजव्या हाताच्या बोटाला. दोन्ही हातांना बोटे नसतील तर हाताचा जो शेवट उरला असेल त्याला. १९६१ च्या नियमांत हे सारे लिहिलेले आहे. कुष्ठरोगाने किंवा यंत्राने बोटे खाल्लेला माणूस मतदानाला येणार, हे नियम लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते. मुख्य दाराशी पायऱ्या आहेत हे तेवढे त्याच्या ध्यानात राहिले नाही.

गतिमंद मुलांच्या आईवडिलांशी आमचे बोलणे होते, तेव्हा उत्तर एकच असते, "त्याले काय समजते?" आमच्या माहितीतील एका घरातील मुलगा बावीस वर्षांचा. नाव यादीत घातलेच नव्हते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १६ वे कलम असे आहे की, सक्षम न्यायालयाने ज्याला मनोविकल म्हणून जाहीर केले आहे, त्याचेच नाव या कारणासाठी नाकारता येते. डॉक्टरच्या चिठ्ठीने नाही, शेजाऱ्याच्या मताने नाही. आम्ही नमुना ६ भरून दिला आणि नाव लागले. पण येथे आमच्या मनात भीती आहे आणि ती आम्ही वाचकांपासून लपवीत नाही. या मुलाचे मत म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाचे दुसरे मत तर होणार नाही? २०१४ मध्ये आम्ही मावशींचे जे केले तेच तेथे होणार नाही कशावरून? त्याच्या आईला आम्ही एवढेच म्हणालो, "त्याले चिन्हं दाखवा, नावं सांगा, मंग त्याले ठरवू द्या. तुम्ही ठरवू नका." त्या म्हणाल्या, "त्याले नळ कोनं आनला ते मालूम आहे. माह्या मालकाले मालूम नाही." त्यावर आम्ही काय बोलणार?

नाव आधीच यादीत असेल तर नमुना ८ भरून दिव्यांग अशी नोंद करून घेता येते. हे काम आयोगाच्या मोबाईल ॲपवरूनही होते, आणि ज्याच्याकडे तसा फोन नाही त्याने १९५० या क्रमांकावर विचारावे किंवा भागातील बीएलओला गाठावे. ही नोंद असली की केंद्रावर चाकाची खुर्ची, मदतनीस यांची मागणी पुढे सरकते. नोंदच नसेल तर 'या केंद्रावर दिव्यांग मतदार नाही' असे कागद सांगतो, आणि कागदाचे ऐकण्याची सवय आम्हा कारकुनांइतकी कोणाला असणार! आमच्या विहारात आम्ही एक वही केली आहे. कोण चालू शकत नाही, कोणाला दिसत नाही, कोणाचे प्रमाणपत्र व्हायचे आहे, कोणाला सोबती कोण हवा, हे त्यात त्या माणसालाच विचारून लिहितो. सोबती कोण हवा याचे उत्तर पुष्कळदा घरच्यांना आवडत नाही. एका आजोबांनी मुलाचे नाव न सांगता समोरच्या चहावाल्याचे सांगितले. आम्ही तेच लिहिले.

आता पुन्हा मावशींकडे येतो. त्या रविवारी आम्ही चूक कबूल केली. मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "या बारीनं मी एकटीच जातो. मले शिकव."

मतदान यंत्रावर बटणांच्या उजव्या बाजूला ब्रेल अंक असतात. परंतु ब्रेल वाचता येते ते शाळेत शिकलेल्या अंध मुलांना. पन्नाशीनंतर दृष्टी गेलेल्या मावशींच्या बोटाला ते ठिपके म्हणजे नुसती पुळी. त्यामुळे आम्ही दुसरा मार्ग काढला. एक लांब पुठ्ठा घेतला, त्यावर शर्टाची सोळा बटणे एकाखाली एक चिकटविली. एका यंत्रावर सोळाच नावे मावतात. नागपूरला त्या वेळी उमेदवार त्याहून जास्त होते, म्हणून दोन यंत्रे लागणार होती. आम्ही दुसरा पुठ्ठा केला. उमेदवारांची अंतिम यादी लागल्यावर रोज संध्याकाळी आम्ही मावशींच्या ओट्यावर बसून वरपासून खालपर्यंत सर्व नावे, चिन्हे वाचून दाखवायचो. सगळी. केवळ आम्हाला आवडणारी नाही. ही अट मावशींची होती. सांगायला लाज वाटते, पण विरोधी उमेदवाराचे नाव आणि चिन्ह त्याच आवाजात वाचणे आम्हाला जड गेले. आवाजात जरा फरक पडला की मावशी म्हणायच्या, "पुन्हा वाच. नीट वाच." बोटाने वरून मोजत मोजत त्या कुठेतरी थांबायच्या आणि पुन्हा वर जायच्या. कुठे थांबतात ते आम्हाला दिसू नये म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर पदर टाकायला सुरुवात केली.

११ एप्रिल २०१९ रोजी मावशी मतदानाला गेल्या. नात दारापर्यंत सोबत होती. केंद्राध्यक्षांनी सोबती आत न्या असे सुचविले. मावशींनी नको म्हटले. यंत्रावर त्यांचा हात नेऊन ठेवण्यापुरती मदत त्यांनी घेतली. आत थोडा वेळ गेला. रांगेतून कोणीतरी कुरकुरले. मग तो लांब बीप वाजला. चिठ्ठीच्या यंत्रात सात सेकंद चिठ्ठी दिसते, तिचा मावशींना उपयोग नव्हता. आपले मत बरोबर ठिकाणी पडले हे डोळ्यांनी पाहून खात्री करण्याची सोय डोळसांनाच आहे. मावशींना आपल्या बोटांवर विश्वास ठेवावा लागला.

बाहेर आल्यावर त्यांनी डावा हात आमच्यापुढे धरला. "शाई वाळली काय, पाहून दे. लुगड्याले लागन."

वाळली होती. कोणाला मत दिले ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. २०२४ च्या दोन्ही निवडणुकांना तेच पुठ्ठे पुन्हा काढले, तेव्हा मावशींसोबत वस्तीतील आणखी दोघे जण ओट्यावर येऊन बसले. पुठ्ठे आता विहाराच्या कपाटात ठेवले आहेत. पहिल्यावरचे अकरावे बटण निघाले आहे. ते चिकटवायचे आहे.